नमुना अर्ज

रास अल खैमात, नखीलच्या मागच्या गल्लीत,
चाव्या बनवणारा आणि कराकवाला यांच्या मधोमध
आमचं टायपिंग सेंटर.
अकरा वर्षं मी इथे लोकांचे अर्ज टाइप करतो:
व्हिसा, भाडेकरार, हरवलेला पासपोर्ट.
अर्जाची रीत मला, शब्बीर हमदुलेला,
कुणी शिकवू नये.
नाव पासपोर्टात असेल तसंच. मधे रडगाणं नको.
खिडकीतल्या माणसाशी सलगी नको.
पावती जपावी. फोन करू नये.

तरी माझ्याच कादंबरीचा अर्ज लिहायला बसलो
तर बोटं नवशिकी.

आधी लिहिलं, स. न. वि. वि.
मग वाटलं, सप्रेम कसलं,
ओळख ना पाळख.
पुण्याच्या एजंट, मृणालिनी खांबेटे,
मराठी पुस्तकं परमुलखात नेतात म्हणे.

पहिला मसुदा चार पानी.
त्यात वडील होते, वडिलांचा दमा,
सातवीतलं निबंधाचं बक्षीस,
आणि 'ज्यांनी वाचलं ते सगळे रडले'.
सगळे म्हणजे खोलीतले दोघे.
त्यातल्या एकाचे डोळे आलेले होते.

दुसरा मसुदा अकरा जणांना एकदम धाडला.
खांबेटे बाईंना पोचला तो असा:
'आदरणीय ढवळीकर सर'.
माफीचं पत्र लिहिलं. त्यातही चूक राहिली,
म्हणून दुसरं. तिसऱ्याला हात घातला
तशी शेजारच्या टेबलावरून जसिंता म्हणाली,
पाया पडायचं तर एकदा पड रे,
माणसाला चालू तरी दे.

त्याच आठवड्यात गुल जमान आला,
ट्रेलर चालवतो. मुलीला भेटीला आणायचं होतं.
लिही, मुलगी फार गुणी आहे.
म्हटलं, त्याला रकाना नाही.
मग लिही, मी फार कष्ट केले.
त्यालाही नाही. खाली शेऱ्याची एक ओळ आहे, बस.
तो बराच वेळ गप्प. नखांत डिझेल.
मग म्हणाला, लिही, सात वर्षांची आहे.
फोन ठेवण्याआधी
स्क्रीनवरचा माझा चेहरा ओढणीनं पुसते.

अरबीत टाइप केलं. ओळीत मावलं.
त्यानंतरचे तीन अर्ज मी चुकवले.

रात्री सगळं खोडलं, दमा, बक्षीस, हृदयस्पर्शी.
लिहिलं:
'कादंबरीचं नाव तर.
खाडीतली तर, जर-तरमधली नव्हे.
पूल झाल्यावरही एक तरवाला ठरल्या वेळी
रिकामी होडी पलीकडे नेतो, रिकामी आणतो,
आणि वहीत भाडं मांडतो.'
सोबत मागितली तेवढीच तीस पानं.
खाली 'आपला आज्ञाधारक'. तेही खोडलं.
नुसतं नाव.

मग सहा आठवडे.
पुण्याचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे,
म्हणजे मी दात घासतो तोवर
तिकडे मला निम्मं नाकारूनही झालेलं असतं.
फोन केला नाही.
एकदा केला, वाजायच्या आत ठेवला.
तो धरू नये.

साभार परत.
माझं नाव मात्र बरोबर, ब ला ब जोडून,
जे लेबर कार्डावरही नाही.
आणि शेवटी एक वाक्य:
'वहीतलं भाडं कोण देतं
हे तिसाव्या पानापर्यंत मला कळलं नाही.'

अशा पत्राला उत्तर देऊ नये, फार तर आभार मानावेत.
मी लिहिलं, आभारी आहे.
पुढे लिहिलं, पण.
पण खोडला.

गुल जमानचा अर्ज अजून वरच अडकलाय.
तो रोज येतो, विचारत काही नाही,
काचेबाहेर उभा राहून कराक पितो.
मी आतून मान हलवतो, आज नाही.
दुपारी गर्दी ओसरली की
ड्रॉवरमधून पान पहिलं काढतो.
तरवाला वही उघडतो, पेन्सिल ओली करतो.
भाडं कोण देतं रे बाबा,
खरंच, कोण देतं?